धरलं म्हटल्यावर सोडायचं

पट्टीमामांच्या घरात कोणतीही वस्तू मुकाट्याने एका हातातून दुसऱ्या हातात जात नसे. चहाचा कप असो, उकळत्या पाण्याचे पातेले असो वा तान्हे मूल असो, घेणाऱ्याने 'धरलं' असे मोठ्याने म्हणायचे आणि ते कानांनी ऐकल्यावरच देणाऱ्याने सोडायचे, असा तेथील कायदा होता. मामी थट्टेने म्हणत, "लग्नात माझा हात हातात घेतला, तेव्हाही हे 'धरलं' म्हणाले. माझे वडील बिचारे चपापले. त्यांना वाटलं, चोरच पकडला!"

हा कायदा इस्पितळातून घरी आला होता. मामा तेथील अपघात कक्षात एकतीस वर्षे मलमपट्टीचे काम करीत होते. त्यांचे खरे नाव हजेरीपुस्तकाखेरीज कोठेही उरले नव्हते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गिरणीकामगाराला त्यांच्या टेबलावर आणण्यात आले. यंत्राच्या पट्ट्याने त्याचा हात खांद्यापासून पिळून उपटून नेला होता. मामांच्या वरच्या जागेवरील वृद्ध गृहस्थ त्याच्या काखेत मूठ रोवून उभे होते. हात भरून आल्यावर ते म्हणाले, "घे रे." मामांनी हात पुढे केला. म्हाताऱ्यांना वाटले, याने धरले. मामांना वाटले, यांनी अजून सोडलेले नाही. मध्ये कोणाचाच हात नव्हता. रक्त थेट छताच्या पंख्यापर्यंत उडाले आणि फिरत्या पंख्याने ते चारही भिंतींवर शिंपडले. तो कामगार आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहत मरण पावला.

त्या दिवसापासून मामांनी हा शब्द पाळला. नीती म्हणजे काय, असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. त्यांच्यापाशी हा एक शब्द होता आणि त्यावर त्यांनी तीन दशके रेटली.

मामांना दोन अपत्ये होती. मुलाला ते 'थोरल्या' म्हणत. तो पत्र्याच्या कारखान्यात दिवसभर यंत्राखाली पत्र्याच्या पट्ट्या कापीत असे. धाकटी मुलगी लहानपणी गुबगुबीत असल्यामुळे तिचे नाव ठमी पडले, ते सासरी गेल्यावरही सुटले नाही. एके दिवशी ही ठमी माहेरी न जाता सरळ अपघात कक्षात आली. तिच्या नवऱ्याने तिचे मनगट दाराच्या चौकटीत धरले होते आणि दार लोटून घेतले होते. एकदा नव्हे, हाड मोडल्याचा आवाज येईपर्यंत. डोक्यावर तळहाताएवढ्या जागी केस मुळासकट उपटलेले होते. डॉक्टरीणबाईंनी हाड ओढून सरळ केले, तेव्हा कोपर धरण्याचे काम मामांकडे होते. "धरलं," असे ते म्हणाले. प्लास्टरही त्यांनीच चढवले. ठमी ओरडली नाही. तिने खालचा ओठ चावून फोडला.

मामांनी पोलिसांत तक्रार दिली. थोरल्या ते ऐकून हसला.

"बाबा, तुमची पट्टी बांधायची, माझी पट्टी कापायची. ज्याचा त्याचा धंदा आहे."

"थोरल्या, हात आवर."

"मी कुठे काय म्हणालो? मी पत्र्याबद्दल बोलतोय."

त्यानंतर पाच आठवड्यांनी भर दुपारी एक टेम्पो इस्पितळाच्या पायरीला येऊन थडकला. त्यातील दोघांनी एका माणसाला पोत्याप्रमाणे खाली ओढले, आत आणून टेबलावर टाकले आणि पोलिसांची भानगड नको म्हणून एक शब्दही न बोलता पळ काढला. सिस्टरने कात्रीने त्याची विजार उभी कापली. जांघेच्या खाली मांडी वीतभर फाकली होती. कडा इतक्या सरळ होत्या की हे काम पत्र्याच्या धारेचे आहे, हे मामांनी तत्काळ ओळखले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची चिळकांडी उडत होती. नाक ठेचून गालाला टेकले होते. दोन दात सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकून बसले होते. एवढ्या चेंदामेंद्यातूनही मामांनी चेहरा ओळखला. तो त्यांचा जावई होता.

"मामा, हात घाला!" सिस्टर ओरडली.

मामांचे दोन्ही हात अंगालगत लोंबत राहिले. पहिली चिळकांडी त्यांच्या ॲप्रनवर आली. त्यांना दाराची चौकट दिसली. दुसरी आली. त्यांना ठमीच्या डोक्यावरची तळहाताएवढी उघडी कातडी दिसली. तिसरी आली, ती आधीच्या दोन्हींपेक्षा ठेंगणी होती. रक्त संपत आले की ते ठेंगणे उडते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्यांना दया आली, असे म्हणणे खोटे ठरेल. जावई आळीपाळीने त्यांच्याकडे आणि सिस्टरकडे पाहत होता, एवढेच घडले. मामांनी आपली मूठ त्या मांसात मनगटापर्यंत रोवली आणि सारे वजन तिच्यावर टाकले. चिळकांडी थांबली.

सिस्टर डॉक्टरीणबाईंना आणण्यासाठी धावली; परंतु त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत एका बाळंतिणीचे पोट उघडून उभ्या होत्या. टाके घातल्याशिवाय त्यांना हलता येणार नव्हते. कक्षात मामा आणि जावई हे दोघेच उरले.

"मामा..." जावयाच्या फुटलेल्या तोंडातून बुडबुडे निघाले. "सोडू नका."

"तोंड मीट. बोललास की रक्त जातं."

"ठमीला सांगा..."

"तिचं नाव घेतलंस तर सोडीन!" मामा कडाडले. त्या क्षणी ते खरेच बोलत होते.

इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला. दारावरचा शिपाई पाठमोरा आत फेकला गेला, त्याचा जबडा हात धुण्याच्या कुंडीवर आपटला आणि तो तेथेच कोसळला. त्याच्यामागून थोरल्या आत आला. त्याचा सदरा छातीपासून खाली लाल होता. हातात लोखंडी गज होता.

"वा! जावईबापूंची सरबराई चालली आहे वाटतं. पाट मांडा, पंखा घाला!"

"थोरल्या, मागे हो."

"बाबा, तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त हात काढा. माझा गजसुद्धा लागणार नाही."

"नाही काढणार."

"तिचं मनगट तुम्हीच बांधलंत ना? का डोळे मिटून बांधलंत?"

"डोळे उघडे ठेवून बांधलं. हेही उघड्या डोळ्यांनी धरलंय. बाहेर जा."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने गज उचलला तो जावयाच्या कपाळावर घालण्यासाठी. परंतु मामा तेवढ्यात आडवे वाकले. गज त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. गळ्याखालचे हाड वाळकी काटकी मोडावी तसे मोडले. मामांच्या घशातून निघालेला आवाज माणसाचा वाटला नाही. तरीही मूठ जागेवरून सुटली नाही. त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर दाबून तिला तेथेच खिळवून ठेवले.

थोरल्याने गज टाकला. बापाला पुन्हा मारणे त्याच्याने होईना, आणि जावयाला सोडणेही होईना. त्याने दोन्ही पंजांनी मामांचे मनगट पकडले, ओढले, पिळले. मनगट हलेना. मग त्याने अशी एक लबाडी केली, जी जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही घरात चालली नसती. तो मामांच्या कानाशी वाकला आणि लहानपणापासून हजार वेळा म्हटला होता त्याच सुरात म्हणाला, "धरलं."

मामांचा हात उचलला गेला.

त्यांनी तो उचलला नाही. तो उचलला गेला. एकतीस वर्षांच्या सवयीने मनाला विचारलेच नाही. मोकळ्या झालेल्या जखमेतून रक्त उसळले आणि वाकलेल्या थोरल्याच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत गेले. तो गुदमरला, खोकला, ओकला. जावयाच्या टाचा टेबलावर तडातडा आपटू लागल्या. मामांनी हात पुन्हा खाली नेला, परंतु मोडलेल्या खांद्यात जोर उरला नव्हता. एकटा डावा हात रक्तात सरकू लागला.

"धरलं म्हणालास ना?" मामा किंचाळले. "मग धर!"

"बाबा, मी ते..."

"या घरात धरलं म्हणून कोणी सोडलं आहे का आजवर? तू सोडलंस का कधी? तुझ्या आईने सोडलं? धर!"

त्यांनी डाव्या हाताने मुलाची मूठ पकडली आणि ज्या मुठीने ती जखम केली होती, तीच त्या जखमेत कोंबली. "खाली. आणखी खाली. हाडावर दाब. अंगाचा भार टाक, गाढवा!"

थोरल्याने भार टाकला.

"बाबा... माझ्या मुठीखाली काहीतरी उडतंय."

"त्याची नाडी आहे ती."

"थांबत नाही."

"थांबायला नकोच आहे. ती उडतेय तोवर तुला दाबायचं आहे."

थोरल्या हुंदके देत त्याला अर्वाच्य शिव्या देत होता आणि दाबत होता. "मर, कुत्र्या," असे म्हणे आणि आणखी जोराने दाबे. मामा भिंतीला टेकून मुठीकडे पाहत होते. ती तसूभर ढळली की "खाली!" असे ओरडत होते.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत बाळंतिणीचे रक्त होते. त्यांनी हातमोजे बदलले आणि चिमट्याने रक्तवाहिनी पकडून त्या म्हणाल्या, "धरलं." थोरल्याने मूठ काढली नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. अखेरीस सिस्टरने त्याची बोटे एकेक करून उलगडली. तो टेबलाच्या पायाशी बसला आणि पोलीस येईपर्यंत तेथेच बसून राहिला.

जावई जगला. त्याचा एक पाय कायमचा अधू झाला.

त्याच संध्याकाळी जबाब घेण्यासाठी पोलीस मामांच्या खाटेपाशी आला. त्याचा फुटलेला गुडघा मामांनी दोनदा बांधलेला होता. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, गर्दीत कोणी मारलं ते दिसलं नाही, असं म्हणालात तरी चालेल."

"गर्दी नव्हती. माझ्या मुलाने मारलं. हे हाडही त्यानेच मोडलं. नंतर जखम दाबून ठेवली, तीही त्यानेच. तिन्ही लिहा."

"बरं."

"आणि मी तीन चिळकांड्या उभा होतो."

"म्हणजे?"

"रक्त तीनदा उडालं. तोवर मी हात घातला नाही. तेही लिहा, नाहीतर जबाब अर्धा राहील."

पोलिसाने लेखणी थांबवून त्यांच्याकडे पाहिले आणि मग लिहिले.

तो गेल्यावर ठमी आली. ती खाटेवर बसली नाही.

"दादाने मारलं, तुम्ही वाचवलंत," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

"काय सांगितलं असतंस, ठमे?"

"ते तेव्हा विचारायचं होतंत." तिचा आवाज फाटला. "सिस्टरने मला सांगितलं. तीन मोजल्यात ना? मग चौथी का नाही मोजलीत, बाबा?"

"तो कोणी का असेना," मामा म्हणाले, "टेबलावर होता."

"आणि दादा आता आत जाईल."

"जाईल."

"मी त्या घरी परत जाणार नाही. तो लंगडत आला, रडत आला, तरी नाही."

"नको जाऊस. तो दारात आला तर दारात मी असेन."

"एका हाताने?"

"एका हाताने."

ती त्यावर हसली नाही. परंतु बाहेर जाऊन चहाचा कप घेऊन आली. मामांचा उजवा हात छातीशी बांधलेला होता. त्यांनी डावा पुढे केला. दुपारच्या दाबाने त्याची बोटे बधिर झाली होती आणि नखांच्या कडांना रक्त वाळलेले होते. ठमीने कप त्यांच्या बोटांना लावला. तिच्या प्लास्टरवर बापानेच बांधलेली पट्टी आता मळकी झाली होती.

"धरलं?" तिने विचारले.

मामांनी बोटे मिटून पाहिली. कप हिंदकळला.

"नाही," ते म्हणाले. "थांब. अजून नाही."

ठमी थांबली.