दोन्ही भाषांतले शब्द धरणाऱ्या इंदुताई

इंदुताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते ठाण्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत. मी मानसशास्त्र घेऊन नुकतीच बी.ए. झाले होते आणि त्यांना रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांच्या कामात मदतनीस हवी होती. "घड्याळ लावता येतं ना? आणि गप्प बसता येतं?" एवढ्यावर माझी मुलाखत आटोपली. दुसरी गोष्ट किती अवघड, ते लवकरच कळले.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांपैकी एकातले लछमनदास ठाण्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. शिडीवरून पडून त्यांच्या डोक्याला मार बसला. जखम भरली, पण कारखान्याच्या डॉक्टरांनी शब्दांची चाचणी घेतली: मिनिटभरात सुचतील तेवढ्या भाज्यांची नावे मराठीत सांगायची. लछमनदास तीन-चार नावांतच अडले. 'बुद्धी मंदावली' असा शेरा पडला आणि नोकरी जायची वेळ आली. त्यांच्या पत्नी सतीबाई त्यांना घेऊन इंदुताईंकडे आल्या.

"बाई, घर में ऐसे नहीं हैं. माझ्याशी तर रोज भांडतात!"

इंदुताईंनी तीच चाचणी पुन्हा घेतली. फक्त म्हणाल्या, "ज्या भाषेत शब्द येईल, त्या भाषेत सांगा."

लछमनदास बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी सुचवायला तोंड उघडले, तेव्हा त्यांनी मला नजरेनेच थांबवले. मग 'बसर' आले, 'पटाटा' आले, 'बीह' आले. बसर म्हणजे कांदा, बीह म्हणजे कमळाचा देठ, हे इंदुताई जाणत होत्या. रविवारी छावणीत जाऊन त्या सिंधी शिकत असत. हत्यारांची नावे विचारली तर पाना, कानस, पक्कड अशी मराठीच निघाली. ते काम ते इथेच येऊन शिकले होते.

कारखान्याच्या डॉक्टरांना हे पटेना. "अशी सवलत दिली तर चाचणीला अर्थ काय?"

"डॉक्टर, आपण घरी काय बोलता?"

"कोकणी."

"मग माशांची नावं फक्त मराठीत सांगाल?"

डॉक्टर हसले. "निम्मी कोकणीच येतील हो."

"येऊ द्या की. त्यात चूक काय?"

डॉक्टरांनी इंदुताईंचा अहवाल मान्य करायचे कबूल केले. पण दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरूनही थोडा मंदपणा उरत होता, आणि इंदुताईंनी तोही लपवला नाही. काम द्यावे, मात्र तूर्त उंचावरचे नको, असे त्यांनी लिहिले. सतीबाई रडू लागल्या. "तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"आहे, म्हणूनच शिडी नको म्हणते. पुन्हा पडले तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

लछमनदासांना बसून करायचे काम मिळाले. पुढे कित्येक महिने इंदुताई छावणीत त्यांच्याशी गप्पा मारायला जात. आपल्याला सिंधी शिकवण्याचे काम त्यांनी लछमनदासांवरच सोपवले. चुकीचा उच्चार झाला की ते खो खो हसत. पुढच्या चाचणीत ते इतके भरभर बोलले की मला लिहिणे जमेना. जुने काम त्यांना परत मिळाले. त्या दिवशी सतीबाईंनी इंदुताईंचे हात धरले आणि सोडलेच नाहीत.

यंदा इंदुताई साठ वर्षांच्या झाल्या. आजही खोलीत नवा माणूस आला की त्या आधी विचारतात, "घरी काय बोलता?" त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. आणि समोरच्याला शब्द सापडेपर्यंत थांबण्याचा त्यांचा धीर आम्हा शिष्यांच्या अंगी थोडा तरी उतरो.