उजव्या कानातली फरफर

आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना आधी सांगितलं जायचं की पोरगी इंग्लिश मीडियमला आहे, आणि मग मला हाक मारली जायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले की कोणीतरी काका म्हणायचे, "बोल की काहीतरी इंग्लिशमधी." मी तांब्या ठेवून आत यायचे. मागून ऐकू यायचं, "एवढा खर्च करून मुकी केली राव पोरगी." सगळे हसायचे. मला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. मी मराठीतही एवढंच बोलत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मला ऐकायला आवडायचं. येडगावहून नारायणगावला शाळेत जाताना मी गाडीत खिडकीपाशी बसायचे आणि मागच्या बाकावर कोण कोणाशी भांडतंय ते मान न वळवता ओळखायचे. पण ऐकण्याचं कोणी प्रमाणपत्र देत नाही. पदवी झाल्यावर मी एका शाळेत शिक्षिकेच्या मुलाखतीला गेले. समोरच्या माणसांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी ते मनातल्या मनात दिलं. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "आता बी.एड. कर. पुण्याला आत्याकडं राहा." आत्याचं घर म्हणजे दिवसभर बोलणं आणि मधून मधून जेवण.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं होती. त्याच सुमारास आळेफाट्याला एका टायरच्या दुकानावर नवं ऑफिस निघालं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झाल्यावर जे तोंडी सांगतात, ते इथे ऐकून टाइप करायचं, असं काम. आई शेजारणींना सांगताना म्हणायची, "तिकडचं डॉक्टर गाऱ्हाणं घालत्यात, हिनं लिवून घ्यायचं." मी तिथला शिकाऊ वर्ग लावला आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हे काम माझ्यासाठीच आहे. कानावर हेडफोन, समोर पडदा, कोणाशी बोलायचं नाही. शिकवणाऱ्या सरांचा एक नियम मला फार आवडला होता: जे ऐकू आलं नाही तिथे जागा कोरी सोडायची, अंदाजाने काही लिहायचं नाही. मी आयुष्यभर तेच करत आले होते.

वर्ग संपल्यावर परीक्षा होती. पास झालं तर तिथेच नोकरी, नापास झालं तर आत्याचं घर. हेडफोन आपापला आणायचा होता.

माझा हेडफोन चुलतभावाने पुण्याहून आणला होता. कानाभोवती गुबगुबीत गाद्या असलेला, काळा, चांगल्या जाड वायरीचा. त्याच्याच जुन्या कॉम्प्युटरवर मी वर्गातून मिळालेल्या सीडी लावून सराव करायचे. वीज असेल तेव्हा, म्हणजे सकाळचे काही तास आणि मग दुपारनंतर. मधल्या लोडशेडिंगला मी टाइप केलेलं वाचून चुका शोधायचे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गावची जत्रा आली. घर पाहुण्यांनी भरलं. सरावाला जागाच उरली नाही. हेडफोन दिसला की जो तो कानावर चढवून बघायचा. एका मामांनी तो लावून अंगणात फेरी मारली, वायर मागे लोंबत होती आणि ते विचारत होते, "गाणं कुठनं लागतंय यात?" ते पाहून आईने हेडफोन काढून घेतला. "मी ठेवते सांभाळून. पावणं गेलं की देते." मी निर्धास्त झाले. आईने सांभाळून ठेवलेली वस्तू आमच्याकडे कधी हरवली नाही.

पाहुणे गेले. आईने हेडफोन पदराने पुसून माझ्या हातात दिला. मी सीडी लावली आणि उजव्या कानात फरफर सुरू झाली.

चालू पंख्यासमोर वहीचा कागद धरला तर होतो तसा आवाज. बाई डॉक्टर बोलत असल्या तर नाही, बारीक आवाजाच्या पुरुषालाही नाही. पण सरावात एक खर्जातल्या आवाजाचे डॉक्टर होते, त्यांनी तोंड उघडलं की उजवीकडे कागद फडफडायचा आणि शब्द त्याखाली जायचे. परीक्षेत असाच जड आवाज हमखास देतात, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घाबरले नाही. मला तेव्हाचं आजही चांगलं आठवतं, मी खुर्ची पुढे ओढली आणि मला बरं वाटलं. हा प्रश्न ऐकण्याचा होता आणि ऐकण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं.

आधी दुसरी सीडी लावली. फरफर होतीच. मग वायर कॉम्प्युटरमधून काढून वडिलांच्या रेडिओला लावली. शेतीचा कार्यक्रम चालू होता. करप्यावर फवारणी सांगणाऱ्या माणसाच्या आवाजातही उजवीकडे फरफर. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नाही. मग हेडफोन उलटा घातला, उजवी बाजू डाव्या कानावर. फरफर डाव्या कानात आली. म्हणजे माझा कानही ठीक होता. मग वायर मुळापाशी वाकवून, फिरवून पाहिली. वायर तुटत आली असेल तर आवाज जातो-येतो, कडकडतो. इथे तसं काहीच नव्हतं. जाड आवाज आला की फरफर, आवाज थांबला की फरफर बंद. आत काहीतरी सैल होतं आणि जाड आवाजाच्या धक्क्याने ते हलत होतं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला गेले. एसटी स्टँडजवळ एक दुकान होतं, तिथे टेपरेकॉर्डर, ट्रकचे हॉर्न, पंखे, सगळं दुरुस्त व्हायचं. दुकानदाराने हेडफोन एका कानाला लावला, आपल्या टेपवरचं गाणं ऐकलं आणि लगेच काढला.

"कॉइल गेली ताई. फेकून द्या."

"फक्त जाड आवाजाला फरफरतो," मी म्हणाले.

"जाड काय आन् बारीक काय, गेली म्हंजी गेली. मानसाचं कान बदलून मिळत न्हाईत, मशीनचं मिळत्यात. हे घ्या नवीन." त्याने काचेखालून कानात घालायच्या बोंडांची एक जोडी काढली. मी ऐकून पाहिली. पत्र्याच्या डब्यात बसून कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं.

"बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे का?" मी विचारलं.

"तुमी खोलणार?" तो हसला. शेजारी चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरला म्हणाला, "बघा राव, आता आपलं दुकान बंद व्हतंय."

"न्हाई खोलता आलं तर हितंच येत्याल की," ड्रायव्हर म्हणाला. "गिऱ्हाईक कुठं जातंय?"

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गाडी पकडली. उत्तर मला सुचलं होतं, पण ते द्यायची गरज वाटली नाही.

घरी आले तेव्हा वीज गेलेली होती. ते बरंच झालं. दारातल्या उजेडात पोतं टाकून त्यावर पांढरा पंचा पसरला, म्हणजे काही पडलं तर दिसावं. उजवीकडची गादी कडेने हळूहळू सोडवली. तिच्याखाली स्क्रू होते. पहिला स्क्रू सुटला आणि हातातून निसटून आतल्या बाजूला टकदिशी चिकटला. तिथे लोहचुंबक होतं. मी तो अलगद ओढून काढला आणि बाकीचे स्क्रू लांब ताटलीत ठेवले. वरची जाळी काढल्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा दिसला. हाच हलतो आणि आवाज होतो. त्या पडद्यावर, मधोमध नाही, जरा कडेला, एक तांबूस कपची उभी होती. बाजरीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही.

मी फुंकर मारली. कपची आडवी झाली आणि परत उभी राहिली. हेडफोन पालथा केला, पाठीवर टिचक्या मारल्या. पडली नाही. आधी मला वाटलं की ती चिकटलीय. मग स्क्रूचं आठवलं. ती लोखंडाची होती. खालच्या चुंबकाने ती पडद्याच्या वरून धरून ठेवली होती, आणि जाड आवाजाने पडदा जोरात हलला की ती त्यावर नाचत होती. नुसतं झटकून ती कधीच निघाली नसती.

पण इथे लोखंड आलं कुठून?

आई सुपात बाजरी पाखडत होती. ती उठून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या कोठीचा गंज हाये."

"कोठीचा?"

"मग कुठं ठेवू? सोनंनाणं तिथंच ऱ्हातंय की आपलं. बाजरीत खोल खुपसून ठेवला व्हता. तुज्या मामाच्या बापालाबी सापडला नसता."

"तो तुझाच बाप ना?"

"व्हय. त्यालाबी नसता सापडला."

आमच्याकडे मौल्यवान वस्तू धान्यात ठेवायची रीत होती. कोठी पत्र्याची, जुनी, आतून गंजलेली. सोन्याच्या पाटल्यांना गंजाचं काही वाटत नाही. पण आईने कोठीत चुंबक पुरलं होतं, आणि त्याने पत्र्याचे सुटे कण आपल्याकडे ओढून घेतले होते. गादीच्या शिवणीतही बारीक तांबडी पूड सापडली. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "मोडला का गं?" तिने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. परीक्षा कशाची आहे हे तिला नीट माहीत नव्हतं, पण त्या परीक्षेवर काय अवलंबून आहे ते माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "निघेल."

चिमट्याने काढायला जावं तर पडदा फाटेल, आणि चिमटा स्वतःच चुंबकाकडे ओढला जाईल. लोखंडी काही चालणार नव्हतं. चिकट काहीतरी हवं होतं, पण फार चिकट नको, नाहीतर पडदाच वर येईल. मी आत गेले. आरशाच्या कडेला आईच्या वापरलेल्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. नव्या पाकिटातली न घेता मी आरशावरची जुनी काढली, जिचा गोंद निम्मा उरलाय अशी. खराट्याची काडी मोडून तिच्या टोकाला टिकली उलटी बसवली. श्वास रोखून काडी खाली नेली, पडद्याला न टेकता फक्त कपचीच्या वरच्या टोकाला लावली, आणि वर उचलली.

कपची टिकलीला लागून आली. लाल टिकलीवर तांबडा गंज, नीट बघितल्याशिवाय दिसलाही नसता. उरलेली पूडही तशीच टिपली. डावी बाजू उघडून पाहिली, ती स्वच्छ होती. मग सगळं परत बसवलं.

वीज अजून आली नव्हती. सेलवरचा रेडिओ लावला. खर्जातला एक बुवा भजन म्हणत होता. दोन्ही कानांत तो स्वच्छ, भरदार ऐकू आला. मी हेडफोन आईच्या डोक्यावर घातला. तिने डोळे मोठे केले आणि ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं बाई, डोक्याच्या आतच बसलाय की ह्यो!"

परीक्षेच्या दिवशी हॉल भरलेला होता. खाली टायरवाल्याच्या हातोड्याचे ठोके, बाहेर नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. अपेक्षेप्रमाणे फाइल जड आवाजाच्या डॉक्टरांची होती. पहिलं वाक्य सरळ गेलं. दुसऱ्या वाक्याला खडखड सुरू झाली.

माझे हात थांबले. आजूबाजूचेही थांबले. शेजारची मुलगी आपला हेडफोन टेबलावर आपटत होती. पलीकडे कोणीतरी वायर पिरगाळत होतं. सर म्हणाले, "हेडफोन तपासून आणा म्हणून सांगितलं होतं. आता वेळ वाढवून मिळणार नाही."

मी हेडफोन उलटा घातला. आवाज दोन्ही कानांत होता, पहिल्यासारखाच. डॉक्टर श्वास घ्यायला थांबले, तेव्हाही खडखड चालूच राहिली. माझ्या हेडफोनची फरफर आवाजाबरोबर थांबायची. ही थांबत नव्हती. आतून-बाहेरून स्वतः पाहिलेली वस्तू होती ती. तिच्यात काहीही सैल नव्हतं.

मी हात वर केला. सगळे बघायला लागले आणि माझे कान तापले. पण यावेळी उत्तर मनात राहिलं नाही.

"सर, हेडफोनमध्ये दोष नाही. रेकॉर्डिंगमध्येच आवाज आहे. डॉक्टर गप्प असतात तेव्हाही येतो."

सरांनी स्वतःचा हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या खोलीतलं काहीतरी वाजतंय. कामात अशाच फाइली येतात. हेडफोन सोडा आणि ऐका."

शेजारच्या मुलीने आपटणं थांबवलं. हॉलमध्ये पुन्हा बटणांचा आवाज सुरू झाला. एका औषधाच्या नावावर नेमकी खडखड आली. मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. नाव कळलं नाही. मागच्या आठवड्यात असं झालं असतं तर वाटलं असतं की शब्द आहे, मलाच ऐकू येत नाही, आणि मी त्याच जागेवर अडकून पडले असते. आता मला पक्कं माहीत होतं की तो शब्द त्या खोलीतच हरवलाय. मी जागा कोरी सोडली.

निकाल सांगताना सरांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. बऱ्याच जणांनी तिथे औषधाचं नाव लिहिलं होतं, प्रत्येकाने वेगळं. मला पुढच्या सोमवारपासून यायला सांगितलं.

आत्याचं घर टळलं. आई आता पाहुण्यांना इंग्लिश मीडियमचं सांगत नाही. "आमची पोरगी कानांनी कमावती," असं सांगते, आणि ऐकणारा चक्रावला की तिला आनंद होतो. हेडफोन मी ऑफिसातच ठेवते. कोणाचा फरफरायला लागला की तो माझ्या टेबलावर येतो. माझ्या खणात खराट्याच्या काड्या आणि टिकल्यांचं पाकीट असतं. टिकल्या मी आधी आरशावर लावून काढते, मग वापरते. नव्या आलेल्या मुलीने खण उघडून विचारलं, "ताई, तुम्ही तर टिकली लावत नाही, मग या कशाला?"

मी तिला तिचा हेडफोन मागितला.