घरच्यांची मुलाखत चालत नाही

काय गं बायांनो, या ग्रुपवर एक म्हातारीही आहे, विसरलात ना?

आम्ही घरात दोघीच. नात सोनल सुट्टीत पत्रकारितेच्या फुकट निवासी शिबिराला गेली आहे. तिथे संध्याकाळी थोडाच वेळ फोन देतात. आज आला.

"आजी, आपल्या जुन्या कळवा गावावर मुलाखत घ्यायची आहे. शेजारच्या मालूमावशीला फोन दे ना."

"अगं, इथल्या मिठागरात मी राबले. ती तर नंतर लग्न होऊन आली!"

"घरच्यांची चालत नाही गं."

दिला. मालू ऐटीत बोलत बसली आणि वेळ संपला. माझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. शिक्षा म्हणून हे मालूकडूनच लिहून घेतेय.

भात सवयीने दोघींचा टाकलाय. सुकटीची चटणी पाठवा कुणीतरी, आणि घेऊन येईल त्याने इथेच जेवायचं.