पाव तास आधी उठलो

बायको गेली त्याला आठ महिने झाले. मी शाळा तिसरीपर्यंत शिकलो, तीही मेंढरांमागं फिरत. म्हणून लिहिताना चुकलं तर चुकलं. मला एकच गोष्ट सांगायची आहे. एका पिक्चरचा शेवट तिला बघायचा होता आणि मी तो बघू दिला नाही.

तिचं माहेर वालूरकडचं. लहानपणी जत्रेतल्या तंबूत तिनं एक भुताचा पिक्चर बघितला होता, काळा-पांढरा. काही माणसं मोटारीतून निघतात, डोंगरात मोटार बंद पडते, आणि तिथलं काहीतरी एकेकाला उचलून नेतं. शेवटी नवरा-बायको दोघंच उरतात. बायकोचा पाय मोडलेला. नवरा तिला कपारीत बसवतो, म्हणतो, मी माणसं घेऊन येतो, तू हलू नको. आणि जातो. नेमका तिथंच तिचा धाकटा भाऊ भ्यानं मुतला, आणि बापानं दोघांना ओढत घरी नेलं. तो नवरा परत आला का, हे तिला कळलंच नाही.

लग्नाच्या पहिल्याच साली तिनं मला हे सांगितलं. मी हसलो. "डोंगराला काय भ्यायचं? आमी तर रानातच ऱ्हातो."

"तुमचं मेंढरू हरवलं की तुमी चार कोस जाताव," ती म्हणाली. "बायकोसाठी कोण जातंय?"

बहात्तरच्या दुष्काळात अर्धी मेंढरं गेली. त्यातून सावरायला आम्हाला तीन वर्षं लागली. मग एकदा जिंतूरच्या बाजारातून माझा भाऊ आला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा तो डोंगराचा पिक्चर नव्यानं काढलाय. रंगीत." तिनं कधी लुगडं मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "मला एवढा दाखवा."

अडचण कोकरांची होती. दिवाळी होऊन महिना झाला होता, मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. दिवसा मेंढ्या चरायला जायच्या आणि कोकरं घरी टोपल्यांखाली झाकलेली असायची. दिवस बुडता कळप आला की एकेक कोकरू ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. चुकीचं लावलं तर मेंढी लाथाडते, कोकरू उपाशी राहतं. मी म्हणालो, "दुपारचा बाराचा खेळ बघू, चारच्या एसटीनं माघारी. दिवस बुडायच्या आत घरी." भाऊ मेंढरांमागं गेला, आम्ही जिंतूरला गेलो.

टॉकीजात ती पुढं सरकून बसली. पडद्यावर एकानं पाण्याचा डबा सांडला तसं ती मोठ्यानं म्हणाली, "पाणी आसं सांडतेत व्हय, मेल्यानो!" मी तिला सांगायला लागलो, रानात एकमेकाला सोडून जाऊ नये, ह्यांना काही कळत नाही. मागून एकजण म्हणाला, "ओ मामा, समदं तुमीच सांगा. मंग आमी कामून आलो?"

माझं चित्त पिक्चरमध्ये नव्हतं. अंधारात वेळ कळेना. तिकिटाच्या खिडकीवर घड्याळ होतं, पण मला घड्याळ कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. मेंढरं राखणाऱ्यानं वेळ विचारावी? मी बाहेर जाऊन आपली सावली बघून यायचो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दारावरचा माणूस म्हणाला, "पोट बिघडलं का मामा?"

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. सावली कुठंच नव्हती. गार वारा सुटला होता, उजेड तिन्हीसांजेचा. मला वाटलं, दिवस गेला.

आत जाऊन तिचा हात धरला. "ऊठ. एसटी चुकती."

पडद्यावर ती बाई कपारीत एकटी बसली होती.

"अवो, थांबा की. आता त्यो येईल."

"कोकरं उपाशी मरतील तिकडं."

कोकरांचं नाव घेतल्यावर ती उठली. पडद्याकडं तोंड करून मागं मागं चालत दारापर्यंत आली.

स्टँडवर विचारलं, चारची गेली का? खिडकीतला साहेब म्हणाला, "कुठली गेली? आत्ता अडीच वाजायलेत." तेवढ्यात आभाळ उघडलं आणि ऊन पडलं. माझी सावली अजून आखूडच होती. तिनं सावलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जाऊ का माघारी? आजून चालू आसंल."

"दारावरचा माणूस आत घेत न्हाई," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. पुन्हा त्याच्यासमोर जायची मला लाज वाटली. तिला हे मी कधी सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

पाव तासानं खेळ सुटला आणि माणसं स्टँडवर यायला लागली. मी म्हणालो, "इचार की एखाद्या बाईला."

"सांगितल्यालं चालत न्हाई. बघाया पायजे."

पुढच्या बाजारी दाखवतो, म्हणालो. पुढच्या बाजारी दुसराच पिक्चर लागला होता.

नंतर कोकरं लावताना ती मधूनच म्हणायची, "आला आसंल त्यो." मी तिच्यावर ओरडलो असलो तर म्हणायची, "कशाचा येतोय!" त्यावर आम्ही लय वर्षं हसलो.

शेवटी परभणीच्या दवाखान्यात होती. नाकात नळी. एका दुपारी डोळे उघडून तिनं विचारलं, "त्यो आला आसंल का वो?"

मला लगेच कळलं कोण ते. मी आपला आडमुठा. म्हणालो, "मला काय ठाव? मी तरी कुठं बघितला?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेली. आला म्हणालो असतो तर माझं काय जात होतं?

परवा लेक मोबाइल घेऊन आला. "बाबा, घावला आईचा पिक्चर. जुना बी हाय, नवा बी हाय. पण दोन्हीचा शेवट येगळा..."

"सांगू नको," मी म्हणालो. "बंद कर."

त्याला वाटलं मी चिडलो. चिडलो नव्हतो. जे तिला बघू दिलं नाही, ते मी एकट्यानं बघणार नाही.