बोडक्या डोक्याचं भाषण

मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागायची. म्हणून माझं पहिलं भाषण मी सोमवारच्या आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी, महादेवाच्या देवळातच उरकायचं ठरवलं. लोहाऱ्याजवळच्या त्या गावी मी नवा मास्तर होतो. शाळेत पोरं होती, पोरगी एकही नव्हती. गाव ज्यांच्या शब्दाबाहेर जात नसे त्या म्हाताऱ्या अप्पांनी बजावलं होतं, "एकडाव बोला मास्तर. गावाला पटलं तर ठीक. न्हाय पटलं तर पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाय."

नुकताच सोलापुरात, इंग्रजी मुलखात, एक वक्ता ऐकून आलो होतो. त्यानं टोपी काढली, केसांतून हात फिरवला, आणि सभा चिडीचूप. गोम टोपीतच आहे असं मी धरून चाललो. रांजणासमोर उभं राहून 'स्त्रीशिक्षण हा राष्ट्राचा पाया' घोकलं.

देवळात टोपी काढून खिशात कोंबली. गाव एकदम गप्प झालं. बायकांनी तोंडाला पदर लावला. मला चेव चढला. मधेच एकीनं डोळे पुसले. राष्ट्राच्या पायात रडण्यासारखं काय ते कळेना, पण आवडलं. शेवटी टाळी मात्र एकही नाही. लोक येत, पाठीवर हात ठेवत आणि मुकाट्यानं निघून जात. जिंकलो की हरलो, काही केल्या उमगेना.

सकाळी शेजारची म्हातारी अव्वा टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन आली. मागोमाग आणखी दोन घरांतून भाकरी आली. वक्त्याची एवढी सरबराई होते हे मला ठाऊक नव्हतं. मी मिटक्या मारत जेवू लागलो. अव्वा टकामका बघत राहिली.

तेवढ्यात अप्पा येऊन ओट्यावर टेकले. "मास्तर, कोन गेलं?"

"कुठं?"

"घरात कोन वारलं म्हनतो मी. मानूस गेल्याबिगर हितं कुनी टोपी उतरत न्हाय, आन् तुमी भरल्या देवळात बोडक्या डोक्यानं हुबं ऱ्हायलात. लई वाईट वाटलं गावाला."

"आणि भाषण?"

"त्ये कुनी ऐकलंय?"

हातातला घास मी परत टोपलीत ठेवला. म्हणजे मी मिटक्या मारत खात होतो ती दुखवट्याची भाकरी होती! खरं सांगावं तर गावभर हसं, आणि खोटं सांगावं तर मारू कुणाला? गडबडीत तोंडातून गेलं, "बहीण."

ते खोटं नव्हतं. बहीण गेली होती, पण चार वर्षांपूर्वी.

"कशानं रं लेकरा?" अव्वानं विचारलं, आणि मी सांगत सुटलो. घोकलेलं एकही वाक्य हाताशी नव्हतं. सासरी तिला उपाशी ठेवत. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून खत सासराच लिहायचा. प्रत्येक खतात तेच, 'पोरगी खुशाल आहे.' शेवटचं तसं खत आम्ही घरात वाचत होतो, तेव्हाच ती गेल्याचा सांगावा घेऊन माणूस दारात आला. एवढं बोलून मला रडू फुटलं. अप्पा खाली मान घालून बसले होते.

याला चार वर्षं झाली, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं की मी ठेवलं, हे मला अजून धड सांगता येत नाही. त्याची लाज मात्र वाटते.

दोन दिवसांनी अव्वा नातीचा हात धरून शाळेच्या दारात उभी राहिली. मी टोपी सावरली.

"हिला बाकीचं मागनं शिकवा," ती म्हणाली. "आदी खत लिवायला शिकवा."

मी हजेरीत नाव घालू लागलो, पण अव्वा हलेना. तिनं कनवटीतून घडी घातलेला कागद काढला.

"माज्या धाकट्या लेकीचं हाय, दिवाळीतलं. अप्पांनी वाचलं तवा लई बरं वाटलं हुतं. तुमी एकडाव बघा मास्तर, अक्षर कुनाचं हाय?"

मी घडी उलगडली. अक्षर पुरुषी होतं, ठसठशीत. पहिलीच ओळ होती, 'तुमची लेक खुशाल आहे.'