आबाचं पत्र माझ्या आधी कुणी वाचलं

माझ्या बापाचं पत्र साहेबाने माझ्या आधी वाचलं. मग मला वाचून दाखवलं. मोठ्याने. गावाकडच्या बोलीची नक्कल करत.

पोलीस ठाण्याच्या त्या खोलीत तिघं होते. साहेब, दाराशी एक हवालदार आणि भिंतीला टेकलेली एक लेडी कॉन्स्टेबल. मला बस म्हणाले नव्हते. मी उभी. हवालदाराने तोंडावर हात धरला होता, तरी हसू दिसत होतं. कॉन्स्टेबल खाली बघत राहिली.

पत्रात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. म्हाताऱ्या माणसाच्या शरीराचं होतं. लाजेचं होतं. आई जिवंत असती तर त्याने फक्त तिलाच सांगितलं असतं.

साहेबाने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा कोडवर्ड आहे का?"

"तो माझा बाप आहे," मी म्हटलं.

"ते माहितेय. याचा अर्थ काय ते सांग."

मग मला अर्थ सांगावा लागला. बापाचं दुखणं, तीन परक्या माणसांना, उभ्याने. हवालदार आता हसत नव्हता. त्याने तोंड वाकडं केलं, घाण वास आल्यासारखं. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी पत्र मागितलं. ते जमा आहे, म्हणाले. माझ्या नावाने आलेलं पत्र. मी हातात धरूनही बघितलं नाही.

आबाने तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य काढलं. त्या ठोक्यांनी त्याचे कान गेले. आई गेल्यावर तो मराठवाड्यातल्या गावी परत गेला. फोनचा उपयोग नव्हता. शेजारच्यांकडून निरोप देता आला असता, पण तो म्हणायचा, "मधी कुनी नको. आपलं आपल्यात." म्हणून निळं आंतरदेशीय पत्र. वर सप्रेम जय भीम, खाली शेळीची खबर, कोण गेलं, काय खाल्लं. बहिरा झाल्यापासून त्याला स्वतःच्या आवाजाची भीती वाटायची. किती मोठा निघतोय ते कळायचं नाही, म्हणून चारचौघांत गप्प बसायचा. कागदावर मात्र भडाभडा बोलायचा. मला माझा बाप खरा कळला तो पत्रांतून.

मी द्रोणागिरीला एका गोदामात पॅकिंगचं काम करते. तिथे बायकांना संडास नव्हता. आम्ही कंटेनरच्या मागे जायचो. एक जायची, एक राखण करायची. त्यासाठी मी अर्ज केले. रविवारी बायका माझ्या खोलीवर जमायच्या, मी त्यांना संविधानातलं वाचून दाखवायचे. एवढंच. मग साध्या कपड्यातली दोन माणसं येऊन घरमालकाला विचारून गेली की हिच्याकडे कोण कोण येतं. त्यानंतर पत्रं उशिरा यायला लागली. कडेला डिंक जाड, वाळलेला. नवरा म्हणाला, पोस्टात ओल असेल. मीही मान हलवली. सरकार माझ्या बापाची शेळी वाचत बसेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

ठाण्यातून निघताना साहेब म्हणाला, "लपवण्यासारखं काही नाही, तर लाज कसली वाटते?" मी बाहेर पडले. रिक्षात बसून रडले. नवऱ्याला सांगितलं, पण पत्रातलं सांगितलं नाही.

ते तिथेच थांबले असते तरी मी गिळलं असतं. आपल्या लोकांना गिळायची सवय आहे.

पण ते गावी गेले. आबाच्या दारात दोन पोलीस. आबाला ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी ओरडून विचारलं. पोरीला काय लिहितोस, ते अमुक दुखणं म्हणजे काय, खरंच आहे का. तेच ओरडून ओरडून. शेजारच्या सरूमावशीने मला फोनवर सांगितलं. तिला बोलवत नव्हतं. "आख्ख्या गल्लीनं आयकलं, बाय. त्येला एकट्यालाच लई येळ कळंना. कळलं तसा खाली बसला."

त्यानंतर पत्र आलं नाही.

मी गेले गावी. आबा हसला. हात धरून घरात नेलं. मी वहीवर लिहिलं, तब्येत कशी आहे? त्याने मान डोलावली. बरी. मी पेन त्याच्यापुढे केलं. त्याने ते हळूच बाजूला सारलं.

"आता नगं. लोक वाचत्यात."

मी हट्ट केला. डॉक्टरकडे चल म्हणून खुणा केल्या. तो उठून शेळीला पाला टाकायला गेला. पाठमोरा उभा राहिला, बराच वेळ. पाला संपला तरी.

दुखणं वाढत गेलं. त्याने कुणाला कळू दिलं नाही. कपडे अंधारात धुवायचा, गल्ली उठायच्या आधी. पडला तेव्हा सरूमावशीच्या मुलाने त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तो ओळखत नव्हता. डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, हे बरं होणारं होतं, वेळेत आले असते तर. इतके दिवस कुणाला बोलले कसे नाहीत?

मी काय सांगणार? बोलला होता, डॉक्टर. मला बोलला होता.

आबाला स्मशानात पोचवून तुर्भ्याला माझ्या खोलीवर परत आले. मग पुन्हा ठाण्यातून बोलावणं. या वेळी खुर्ची दिली. चहा सांगितला. वडिलांचं कळलं, वाईट झालं, म्हणाले. तुमच्याविरुद्ध काही निघालं नाही, फाईल बंद करतोय. एक कागद पुढे सरकवला. चौकशीबद्दल माझी काही तक्रार नाही, असं त्यावर टाईप केलेलं. सही करा, विषय संपला.

त्याआधी मी खारघरला एका वकीलबाईंना भेटून आले होते. त्यांनी सांगितलं, कुणाचंही पत्र असं फोडता येत नाही. अधिकार असलेल्या माणसाचा लेखी आदेश लागतो, त्यात कारण लागतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलंय. मी विचारलं, "आमचा पण?" "सगळ्यांचा," त्या म्हणाल्या. खासगी हा शब्द मला फ्लॅटवाल्यांचा वाटायचा. आमच्या भिंती पत्र्याच्या. शेजारी कूस बदलली तरी ऐकू येतं. आम्हाला कसलं खासगी? त्या दिवशी कळलं, आम्ही बायका कंटेनरमागे तोच हक्क मागत होतो. आडोसा. आबाचा आडोसा म्हणजे ते निळं पत्र. तो यांनी फोडला.

मी कागद परत सरकवला.

"कुठल्या आदेशाने पत्र फोडलं, ते आधी लेखी द्या."

साहेबाचा चहा तसाच राहिला. "बाई, एका म्हाताऱ्याच्या मुतण्याची गोष्ट कोर्टात नेणार तुम्ही?"

"नेणार."

सही केली नाही. उठून बाहेर पडले.

माहिती अधिकारात त्या आदेशाची माहिती मागितली, त्यांनी सुरक्षेचं कारण देऊन नाकारली. अपील केलंय. गोदामातल्या दोघी माझ्याकडे यायच्या बंद झाल्या, घरचे घाबरतात. मी त्यांना दोष देत नाही. नवरा म्हणतो, आबा काय परत येणार आहे का. नाही येणार. कुणी माफी मागितली तरी मला ती नको आहे. मला ते पत्र परत पाहिजे. आणि ज्याने ते फोडायला सांगितलं, त्याचं नाव पाहिजे, कागदावर, सहीनिशी. मिळेपर्यंत मी त्यांच्या दारात उभी राहणार.