मास्तरांची खोडलेली ओळ

मित्रांनो, दुपारपासून या कम्युनिटीवर लिहायचं टाळतोय. दोनदा चहा झाला, पापडीच्या तलावापर्यंत भटकून आलो. तरी डोक्यातून जात नाही.

मी इथे एका काकांकडे प्रुफं तपासायला बसतो. मी हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, काकांनी छापील पानावर बोट फिरवायचं. सध्या गास गावच्या एका मास्तरांच्या आठवणींचं पुस्तक आहे. मास्तर गेल्याच महिन्यात वारले.

त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. मास्तरांचं प्रत्येक प्रकरण एकाच ओळीवर संपतं, "वसंता, दार उघडं आहे." तेच तेच काय, म्हणून छापायला जाण्याआधी काकांना न विचारता मी हस्तलिखितातली ती ओळ सगळीकडे खोडली होती.

आज वाचताना दर प्रकरणाच्या शेवटी त्या खोडलेल्या ओळीपाशी मी अडखळायला लागलो. काकांनी हस्तलिखित ओढून घेतलं.

"शहाण्या, शंका आली तर समासात 'लेखकास विचारणे' लिहायचं. खोडायचं नाही."

"पण काका, मास्तर तर गेले."

"म्हणून तू त्यांना गप्प करणार?"

चौदाच्या चौदा ओळी परत घातल्या. तरी वाटतंय, पाठीमागे उभं राहून कुणीतरी तपासतंय. गेलेल्या माणसाचं बोलणं तुम्ही कधी असं तोडलंय का?

थांबा, काकांच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आलेत. काकांना विचारतायत, "मास्तरांचं पुस्तक इथेच आहे ना? मी वसंत."